खोली खरंच थंड राहील का? घराचं थर्मल सिम्युलेशन करताना नेमकं कुठे चुकतं, टप्प्याटप्प्याने

ग्वाल्हेरला घर बांधायला काढलेल्या किंवा तिथल्या लश्कर भागातलं जुनं घर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काही जणांनी गेल्या दोनेक वर्षांत मला आपापल्या थर्मल सिम्युलेशनच्या (म्हणजे घर कॉम्प्युटरवर काढून कुठली खोली कुठल्या तासाला किती तापेल ते मोजण्याच्या) फाईली दाखवल्या, आणि जवळपास सगळ्यांत त्याच त्या चुका. सॉफ्टवेअर येतं सगळ्यांना, व्हिडिओ बघून दोन दिवसांत बटणं कळतात. पण मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीखालची खोली पंख्यावर २९ अंश दाखवते तेव्हा मनात पाल चुकचुकायला हवी ना, तीच चुकचुकत नाही. म्हणून क्रम लावून लिहितोय.

मी एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर धरून लिहितोय. फुकट आहे आणि डिझाइनबिल्डर, ओपनस्टुडिओ यांच्या पोटातही तेच चालतं, त्यामुळे खालच्या बहुतेक गोष्टी तुम्हाला तिथेही दिसतील, फक्त स्क्रीनवरच्या खिडकीचं नाव वेगळं असेल.

## १. आधी प्रश्न लिहा, मग कॉम्प्युटर उघडा

"घर थंड करायचंय" हा प्रश्न नाही. "वरच्या मजल्यावरची पश्चिमेची बेडरूम, रात्री दहा ते सकाळी सहा, एप्रिल ते जून, एसीशिवाय झोपता येईल का, आणि छतावर काय केलं तर सगळ्यात जास्त फरक पडेल" हा प्रश्न आहे. खोली कुठली, तास कुठले, महिने कुठले, कूलर-एसी धरायचा की नाही, ह्या चार गोष्टी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, कारण नंतर रंगीत ग्राफ बघताना माणूस हमखास भरकटतो.

आणि ग्वाल्हेर म्हणजे फक्त उन्हाळा नाही. आपल्याकडे जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, जुलै-ऑगस्टात चिकचिक, आणि जानेवारीत धुकं पडलं की घरात स्वेटर घालून बसावं लागतं. इमारतींच्या ऊर्जा संहितेत आपण 'संमिश्र' हवामानात मोडतो ते उगाच नाही. नुसत्या मे महिन्यावर डिझाइन केलेली खोली जानेवारीत तळघरासारखी होते.

## २. घराची माहिती गोळा करा

टेप आणि वही घेऊन अर्धा दिवस द्या. नकाशावर विसंबू नका, मिस्त्रीने नकाशाप्रमाणे बांधलंय असं मी अजून पाहिलं नाही. काय काय टिपायचं:

- प्रत्येक खोलीची आतली मापं, उंचीसकट
- भिंतीची जाडी आणि ती कशाची: विटांची, दगडाची की दोन्हीची
- छत: आरसीसी, की जुन्या घरांत असतं तसं लोखंडी गर्डरवर दगडी पटिया (लांब फरश्या); वर किती चुना-कोबा आहे
- खिडकीची मापं, सिल किती उंचीवर, छज्जा किती बाहेर
- कुठली भिंत शेजाऱ्याला चिकटलेली, समोरच्या घराची उंची, गल्लीची रुंदी
- कोण कधी खोलीत असतं, खिडकी कधी उघडतात, पंखा-कूलर कधी

उत्तर दिशेबद्दल एक धोका. गच्चीवर उभं राहून मोबाईलचं होकायंत्र बघू नका, खाली लोखंडी गर्डर असले तर ते खुशाल १५-२० अंश खोटं सांगतं. सॅटेलाइट नकाशावर घराची कड बघून कोन मोजा. हा कोन खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टाकायचा असतो. उलट टाकला तर पश्चिमेची खोली भलतीकडेच बघायला लागते आणि कुठलाही एरर येत नाही.

## ३. हवामानाची फाईल

ग्वाल्हेरच्या हवामानाची ईपीडब्ल्यू (EPW) फाईल फुकट मिळते, इंदूरचीही मिळते. वर्षाचे ८७६० तास, प्रत्येक तासाचं तापमान, आर्द्रता, ऊन, वारा. डाउनलोड केली की साध्या नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली ओळ वाचा: अक्षांश साधारण २६.२, रेखांश ७८.२, वेळ ५.५. हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

दुसरं, मे-जूनची कमाल तापमानं बघा. ह्या फाईली 'नेहमीसारख्या' महिन्यांचे तुकडे जोडून केलेल्या असतात, ज्या वर्षी लूने (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने) जीव काढला ते वर्ष त्यात असेलच असं नाही. म्हणजे उत्तर "नेहमीच्या" उन्हाळ्याचं येतं. शिवाय मोजमाप बहुतेक विमानतळाजवळच्या मोकळ्या जागेचं असतं, आणि तुमचं घर दौलतगंजच्या गल्लीत असेल तर रात्री भिंती ओकत असलेली उष्णता त्या फाईलला माहीतच नाही. मी रात्रीच्या तासांत १-२ अंश वाढवून एक जास्तीचा रन घेतो, म्हणजे सिम्युलेशन आणखी एकदा चालवतो, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवतो.

तपासा: आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर चालतात आणि आपण ७८.२ वर आहोत, म्हणजे सूर्य डोक्यावर यायला सरासरी १७ मिनिटं उशीर. मॉडेलमध्ये मे महिन्यात सूर्य बरोबर बाराला माथ्यावर दिसत असेल तर रेखांश किंवा वेळ चुकलीय.

## ४. 'आराम' कशाने मोजणार ते आत्ताच ठरवा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ. माणसाला जाणवणारं तापमान सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांची धग, हवेचा वेग, आर्द्रता, कपडे आणि तुम्ही काय काम करताय. आणि लोक बघतात फक्त हवेचं तापमान.

माझ्या आत्याच्या लश्करातल्या घरी वरची खोली पटियांच्या छताची आहे. मी मोठ्या उत्साहाने तिला लॅपटॉप दाखवला, "बघ, रात्री अकराला ३३ अंशच." ती म्हणाली, "ते राहू दे रे, आधी गादीला हात लाव." गादी गरम. उशी गरम. पलंगाच्या लोखंडी पट्टीला तर हात ठेववत नव्हता. छताचे दगड दिवसभर तापून आता खाली धग सोडत होते, हवा ३३ असली तरी अंगाला ३६-३७ जाणवत होतं. म्हणून रिझल्टमध्ये ऑपरेटिव्ह तापमान मागा. खोलीत वारा मंद असेल तर हवा आणि पृष्ठभागांची धग यांची साधारण सरासरी म्हणजे ते. नुसतं हवेचं तापमान छापलेला ग्राफ मला दाखवू नका.

मर्यादा कुठली लावायची? भारतातल्या ऑफिसांच्या पाहणीवरून केलेलं 'आयमॅक' (IMAC) नावाचं आरामाचं मॉडेल आहे. खिडक्यांवर चालणाऱ्या इमारतीसाठी सुखाचं तापमान = ०.५४ × बाहेरची गेल्या ३० दिवसांची सरासरी + १२.८३, आणि त्याच्या आजूबाजूला २.३८ अंश. बाहेरची सरासरी २९ असेल तर उत्तर २८.५, म्हणजे जवळपास ३०.९ पर्यंत चालेल.

धोका: हे सूत्र बाहेरच्या सरासरीच्या ३१ अंशांपर्यंतच आहे. आपल्याकडे मे-जूनची सरासरी त्याच्या बरीच वर असते, मग लोक सूत्र तसंच पुढे ओढतात आणि कागदावर ३४ अंशसुद्धा 'आरामदायक' ठरवून मोकळे होतात. त्या महिन्यांसाठी मिश्र पद्धतीचं सूत्र घ्या (०.२८ × सरासरी + १७.८७, आजूबाजूला ३.४६, हे ३८.५ पर्यंत चालतं), पण ते तेव्हाच जेव्हा घरात खरोखर कूलर किंवा एसी गरजेला लावतात.

पंख्याचं काय? सिम्युलेशनमध्ये पंखा हवा थंड करत नाही, उलट ६०-७० वॅट उष्णताच सोडतो. त्याचा फायदा सुखाची मर्यादा ठरवताना धरतात: अमेरिकेच्या अॅश्रे संस्थेच्या मानक ५५ च्या अॅडाप्टिव्ह पद्धतीत ०.९ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला वरची मर्यादा १.८ अंशांनी, १.२ मीटरला २.२ अंशांनी वाढवता येते. पण ही वाढ त्याच मानकाच्या सूत्राला जोडा, आयमॅकवर नको, कारण आयमॅकच्या पाहणीतले लोक पंख्याखाली बसूनच उत्तरं देत होते. एकच फायदा दोनदा मोजला जाईल.

## ५. मॉडेल काढताना

साधं काढा. ज्या खोलीचा प्रश्न आहे ती, तिच्या शेजारच्या खोल्या आणि वर-खाली. कपाटं, कमानी, जाळीची नक्षी नको. माझ्याकडे एक मॉडेल आलं होतं, त्यात बाल्कनीचे गज एकेक काढले होते आणि पश्चिमेचा छज्जा मात्र राहून गेला होता.

शेजाऱ्याला चिकटलेली भिंत 'बाहेर, ऊन लागतं' अशी ठेवली तर चारही बाजूंनी घर भाजतं. तिला अॅडियाबॅटिक करा, म्हणजे पलीकडेही साधारण असंच तापमान आहे असं धरलं जातं. समोरची उंच घरं नुसते सावलीचे ठोकळे म्हणून टाका, पाच मिनिटांचं काम आहे आणि अरुंद गल्लीत त्याने सगळं चित्र बदलतं.

## ६. मटेरियल: इथे घाई केलीत तर सगळं पाण्यात

लायब्ररीतली 'ब्रिक वॉल' उचलू नका. तिच्या पोटात बहुतेक वेळा परदेशी पोकळ भिंत आणि मध्ये इन्सुलेशन असतं. आपली भिंत हाताने बनवा. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४१ हँडबुकात उष्णता किती वाहून नेते त्याचे आकडे आहेत: भाजलेली वीट ०.८११ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, घनता १८२० किलो प्रति घनमीटर. सिमेंट प्लास्टर ०.७२१, घनता १७६२, आरसीसी १.५८, घनता २२८८. दगडाचं तेवढं सरळ नाही, वाळूचा दगड दीडपासून तीनपर्यंत कुठेही असतो, त्यामुळे दोन्ही टोकं चालवून बघा आणि उत्तर किती हलतं ते पाहा.

मग कागदावर एक हिशोब, न चुकता. नऊ इंची भिंत, दोन्हीकडून १५ मिमी प्लास्टर:

- वीट: ०.२३ ÷ ०.८११ = ०.२८४
- प्लास्टर: ०.०३ ÷ ०.७२१ = ०.०४२
- आतल्या-बाहेरच्या हवेचा थर: ०.१७
- बेरीज ०.४९६, उलटा केला की यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज जाते तो आकडा) साधारण २.०

सॉफ्टवेअर ०.६ दाखवत असेल तर भिंत तुमची नाही.

ह्या टप्प्यावरच्या दोन चुका मी इतक्यांदा पाहिल्यात की आता फाईल उघडली की आधी तिथेच जातो:

पहिली, थरांचा क्रम. बाहेरून आत लिहायचा. छतावर टाकलेलं इन्सुलेशन उलट्या क्रमाने लिहिलं तर ते खोलीच्या आत छताला चिकटतं, यू-व्हॅल्यू तीच राहते आणि दगडाचा सगळा जडपणा वाया जातो.

दुसरी, पांढरं छत. सॉफ्टवेअर विचारतं 'सोलर अॅब्सॉर्प्टन्स', म्हणजे ऊन किती शोषतं. रंगाच्या डब्यावर लिहिलेलं असतं किती परत फेकतं. चुना किंवा पांढऱ्या कोटिंगचा ०.७५ जसाच्या तसा तिथे टाकला की छत डीफॉल्ट ०.७ पेक्षाही काळं झालं! एकाने मला "पांढरा रंग लावून काही उपयोग नाही हो, सिम्युलेशनने सिद्ध झालं" असं ठासून सांगितलं होतं. तिथे ०.२५ टाकायचं. आणि आपल्याकडच्या मे-जूनच्या आंधीनंतर (धुळीच्या वादळानंतर) ते पांढरं किती पांढरं राहतं ते गच्चीवर जाऊन बघा, मी ०.४५ चाही एक रन घेतोच.

## ७. फरशीखालची जमीन

छोटा टप्पा, पण सगळ्यात फसवा. तळमजल्याची फरशी जमिनीला टेकलेली असते आणि जमिनीचं तापमान तुम्ही दिलं नाहीत तर एनर्जीप्लस बाराही महिने १८ अंश धरतं. ग्वाल्हेरला, मे महिन्यात!

माझ्याच पहिल्या मॉडेलमध्ये हे झालंय. थाटीपूरच्या एका घराचा तळमजल्यावरचा हॉल इतका सुखद आला की मी मालकांना "इथे एसीची लाइन सोडूच नका" सांगायला निघालो होतो. फरशी फुकटचा एसी बनून उष्णता पीत बसली होती. नशीब, आदल्या रात्री फरशीच्या पृष्ठभागाचं तापमान छापून बघितलं.

त्यामुळे महिन्यागणिक आकडे द्या. घर एसीशिवाय असेल तर खोलीच्या त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा एक-दोन अंश कमी इथून सुरुवात करा, रन घ्या, खोलीची नवी सरासरी बघून आकडे परत बदला. दोन-तीन फेऱ्यांत स्थिरावतं.

## ८. खिडक्या, माणसं आणि कूलर

आपण खिडक्या कशा वापरतो? सकाळी दहाच्या आत सगळं बंद, पडदे ओढलेले, आणि संध्याकाळी लू थांबली की उघडायचं, रात्रभर उघडं. आजीलाही माहीत आहे. सॉफ्टवेअरला माहीत नाही. साध्या व्हेंटिलेशनच्या ऑब्जेक्टमध्ये 'डेल्टा टेम्परेचर'ची डीफॉल्ट किंमत उणे १०० असते, म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा गरम असलं तरी हवा आत घेतच राहायची. दुपारी दोनला ४३ अंशांची लू खोलीत खेळवणारं मॉडेल ह्यातून तयार होतं. तिथे १ किंवा २ टाका, म्हणजे आत बाहेरपेक्षा तेवढं जास्त गरम असेल तरच खिडकी उघडेल. थंडीत रात्री खिडकी उघडी राहू नये म्हणून आतल्या तापमानाची खालची मर्यादाही द्या.

बंद खिडकीतूनही फटींतून हवा येते. जुनी लाकडी दारं असतील तर तासाला एक-दीड वेळा खोलीतली हवा बदलते असं धरून एक रन आणि तासाला अर्धीच हवा बदलते असं धरून दुसरा.

कूलरला एसी समजू नका. कूलर हवा ओल्या बल्बच्या तापमानाच्या (थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसतं त्या) दिशेने खेचतो, गवताचा पॅड चांगला असेल तर ७०-८० टक्के अंतर कापतो. मे महिन्यात बाहेर ४२ आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला बल्ब साधारण २२, ७५ टक्क्यांनी हवा येते ४२ − १५ = २७ अंशांची. मस्त. तोच कूलर जुलैत, बाहेर ३४ आणि आर्द्रता ७५ टक्के: ओला बल्ब ३०, हवा येते ३१ ची आणि वर घामट. म्हणून पावसाळ्याचे महिने वेगळे मोजा, वर्षभराच्या सरासरीत ते लपतात. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, मॉडेलमध्येही आणि घरातही, नाहीतर आर्द्रता कोंडते.

## ९. रन घ्या, पण ग्राफच्या आधी एरर फाईल

तासाला हिशोबाच्या ६ पायऱ्या ठेवा. रन संपला की एररची फाईल उघडून खालून वर वाचा. 'फेटल' असेल तर रन मध्येच बंद पडतो, ते दिसतंच. 'सिव्हिअर' वाल्या ओळी मात्र लोक सोडून देतात, रन पूर्ण झालाय ना म्हणून. सोडू नका. 'वॉर्निंग' शंभर असल्या तरी एकदा नजर फिरवा, अर्ध्या एकाच चुकीच्या असतात.

मग तीन झटपट परीक्षा:

1. छत काळं (०.९) करून बघा. वरची खोली तापली नाही तर छत 'बाहेर' जोडलेलंच नाही.
2. घर ९० अंश फिरवा. काहीच बदललं नाही तर खिडक्यांवर ऊन पडत नाहीये.
3. छताच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान तासागणिक बघा. जड छताचं शिखर दुपारी एकला नाही, संध्याकाळकडे सरकलेलं असायला हवं.

## १०. खऱ्या खोलीशी ताडून बघा

जुनं घर असेल तर हा टप्पा गाळू नका. नवं असेल तर तशाच बांधणीच्या शेजारच्या खोलीवर करा. एक लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) आणून आठ-दहा दिवस खोलीच्या मध्यावर, बसल्यावर डोकं येतं त्या उंचीला टांगा, भिंतीला चिकटवून नको, उन्हात तर नकोच. धग मोजायला टेबल टेनिसचा चेंडू काळा मॅट रंगवून त्यात दुसरा सेन्सर घाला, स्वस्तातला ग्लोब थर्मामीटर झाला.

मॉडेलला मात्र त्याच दिवसांचं बाहेरचं हवामान द्यावं लागतं. फाईलमधला 'नेहमीचा' मे आणि तुमचा ह्या वर्षीचा मे जुळवत बसू नका. दुसरा लॉगर बाहेर सावलीत ठेवा आणि निदान तापमान-आर्द्रता तरी फाईलमध्ये बदला. आणखी एक बारीक गोष्ट: एनर्जीप्लसचा '१५:००' म्हणजे दोन ते तीनची सरासरी, तुमच्या लॉगरचा '१५:००' म्हणजे त्या क्षणाचं वाचन. अर्ध्या तासाचा सरक इथूनच येतो, लोक तो भिंतीच्या जाडीवर काढतात.

अंश-दीड अंशात आणि शिखराची वेळ तासाभरात जुळली तर पुरे. सरासरी जुळते पण दिवस-रात्रीचा फरक जुळत नाही, असं झालं तर आधी हवा बदलण्याचे आकडे बघा, मग घनता. जुळवण्यासाठी पाच आकडे एकदम हलवू नका.

## ११. आता कुठे डिझाइन, एका वेळी एकच बदल

आत्ताचं घर हा आधार. मग फक्त पांढरं छत. मग फक्त छतावर ५० मिमी इन्सुलेशन. मग फक्त रात्रीचं व्हेंटिलेशन. मग फक्त पश्चिमेच्या खिडकीवर चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा). शेवटी जोड्या. सगळं एकदम टाकून "आठ अंश कमी झाले" म्हणण्यात अर्थ नाही, मालक विचारणारच की ह्यातलं कुठलं काढलं तर चालेल.

छज्ज्यासाठी तर सिम्युलेशनच्या आधी कागद पुरतो. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर आहे, भर दुपारचा सूर्य आपल्याला कायम दक्षिणेलाच: जूनअखेर ८७ अंश उंच, डिसेंबरअखेर फक्त ४० अंश. खिडकीच्या वरच्या कडेलाच दीड फुटी छज्जा असेल तर डिसेंबरात भर दुपारी सव्वा फूट सावली, चार फुटी खिडकीतून बाकी ऊन आत. मार्चच्या विषुवाला तीन फूट सावली, जूनमध्ये पूर्ण. दक्षिणेला छज्जा छान काम करतो. पश्चिमेला चारचं ऊन त्याच्या खालून आडवं आत घुसतं, तिथे चिक, जाळी किंवा झाड.

सीएफडीच्या (हवेच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनच्या) मागे ह्या टप्प्याच्या आधी लागू नका. खोलीत कूलरचा झोत पलंगापर्यंत पोचतो का, एवढ्या प्रश्नाला ते ठीक. वर्षभराच्या आरामाचं उत्तर ते देत नाही आणि भिंतींची तापमानं त्याला तुमच्या ह्याच मॉडेलमधून द्यावी लागतात.

## १२. निकाल कसा मांडायचा

वर्षाची सरासरी फेकून द्या. पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या खोलीचे, लिहिलेल्या तासांतले, मर्यादेबाहेर गेलेले तास मोजा, आणि सोबत किती अंशांनी बाहेर गेले तेही. अर्ध्या अंशाने चुकलेले शंभर तास आणि पाच अंशांनी चुकलेले शंभर तास एकच नव्हेत. शेजारी जानेवारीचे थंडीचे तास ठेवा. वर ज्या ज्या ठिकाणी दोन टोकांचे रन घेतले (दगड, फटींतली हवा, मळलेलं पांढरं छत) तिथे एक आकडा न देता 'इथपासून इथपर्यंत' द्या. दोन उपायांतला फरक ह्या पट्ट्यापेक्षा लहान असेल तर स्वस्तातला घ्या.

आत्याच्या खोलीत पांढरं छत आणि इन्सुलेशन मिळून रात्रीचे तास चांगले उतरले, नुसत्या रंगाने साधारण अर्धं काम झालं. तिने रंगच निवडला. दर वर्षी एप्रिलात, आंधी सुरू व्हायच्या आधी छत धुऊन घ्यायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, आणि लॉगर तिथेच पंख्याच्या दांडीपासून दोन हात लांब लटकतोय.